मैदानावरचं नामस्मरण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या आठवड्याचा विषय परदेशी असलेल्या आपल्याच काही घरांतून आला आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची नातवंडं आज अमेरिकेत सरकारी शाळेत शिकतात आणि शाळेच्या संघातून खेळतात. आजी-आजोबा इंदूरला, बेळगावला, बडोद्याला बसून फोनवर त्यांचे सामने बघतात. त्यांचा प्रश्न असा : सामन्याआधी तिथली मुलं एकत्र जमून प्रार्थना करतात, ती आपल्या घरची नसते. तेव्हा आपल्या मुलाने काय करावं? आणि आपल्या मुलाने मैदानात उतरताना नाम घेतलं तर शाळेला चालतं का?

उत्तर थोडक्यात सांगायचं तर नाम जरूर घ्यावं, आपलं आपण घ्यावं आणि दुसऱ्याला घ्यायला भाग पाडू नये. ऐकायला सोपं वाटतं, पण याच गोष्टीवर तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत खटले गेले आहेत. त्यातून आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे.

टेक्सास राज्यात सांता फे नावाचं एक लहान गाव आहे. तिथे शाळेचा फुटबॉलचा सामना म्हणजे गावची जत्राच. सामना सुरू होण्याआधी एक विद्यार्थी लाउडस्पीकरवरून प्रार्थना म्हणायचा. १९९५ साली दोन कुटुंबांनी याविरुद्ध दावा केला. त्रास होऊ नये म्हणून कोर्टाने त्यांची नावं गुप्त ठेवू दिली. आता लक्ष द्या, ही कुटुंबं नास्तिक नव्हती. एक कॅथलिक होतं, एक मॉर्मन. दोन्ही घरं येशूला मानणारीच! तरीही दुसऱ्याने लावून दिलेली प्रार्थना त्यांना आपली वाटली नाही.

मग शाळेने पद्धत बदलली. प्रार्थना हवी की नको यावर विद्यार्थ्यांचं मतदान घ्यायचं आणि ती कोणी म्हणायची तेही मतदानानेच ठरवायचं. वरवर पाहता यात काय वावगं? पण जून २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी हे नाकारलं. मैदान शाळेचं, कार्यक्रम शाळेचा, लाउडस्पीकर शाळेचा, तेव्हा ती प्रार्थनाही शाळेचीच झाली. आणि मतदान घेतलं की जे थोडे आहेत ते प्रत्येक वेळी हरणारच. नको असेल त्याने सामन्याला येऊ नये, हेही कोर्टाला पटलं नाही. खेळाडू, बँडवाली मुलं यांना यावंच लागतं, आणि बाकीच्या मुलांनाही मित्रांबरोबर यावंसं वाटणारच. देवासाठी मित्र सोड, असं पोराला का सांगायचं?

त्याच निकालात दुसरी बाजूही स्पष्ट आहे, ती आपल्या घरांनी नीट लक्षात ठेवावी. एखाद्या मुलाने आपणहून प्रार्थना केली तर तिला मुळीच बंदी नाही, मग ती शाळा भरण्याआधी असो, शाळेत असो की सुटल्यावर. म्हणजे आपल्या नातवाने डोळे मिटून दत्तगुरूंचं स्मरण केलं, मैदानाला हात लावून कपाळाला लावला, तर त्यात भिण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखं तर नाहीच.

पुढे २०२२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन गावच्या एका प्रशिक्षकाचा खटला आला. सामना संपला की ते मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करीत. ती त्यांची स्वतःची उपासना आहे, असं म्हणून कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण त्याच प्रकरणात एक नोंद आहे, ती वाचून आम्ही थांबलो. एका पालकाने शाळेला कळवलं होतं, की आमचा मुलगा देव मानत नाही, तरी तो प्रार्थनेला जातो; कारण गेलो नाही तर खेळायला कमी मिळेल असं त्याला वाटतं.

बघा, बाहेरून पाहणाऱ्याला ते मूल भक्त दिसलं असेल. आत मात्र भक्ती नव्हती, भीती होती. आणि भीतीने टेकलेला गुडघा भगवंताला काय गोड लागणार!

आपल्या शास्त्रात जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत : मोठ्याने होतो तो वाचिक, ओठांतल्या ओठांत होतो तो उपांशु आणि मनातल्या मनात होतो तो मानस. यांत मानस जप श्रेष्ठ मानला आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व यज्ञांमध्ये आपण जपयज्ञ आहोत असं भगवंत सांगतात. या यज्ञाला ना समिधा लागतात ना लाउडस्पीकर. आणि गुरुमंत्र तर मोठ्याने सांगायचाच नसतो. तेव्हा खेळणाऱ्या मुलासाठी आपल्या परंपरेत सोय आधीपासूनच आहे. एक श्वास, एक नाम, की उतरला मैदानात.

आता आरसा आपल्याकडे वळवू. तिथे आपलं मूल थोड्यांत आहे. इथे आपल्या गावच्या शाळेत ते पुष्कळांत आहे. इथे खेळांचं उद्घाटन नारळ वाढवून होतं, कबड्डीआधी बजरंगबलीचा जयघोष होतो. समर्थांनी बलोपासनेसाठी मारुती स्थापिले, त्या परंपरेतली आपण माणसं, आपल्याला हे प्रियच आहे. पण त्याच रांगेत एखादी आयेशा असते, एखादा फ्रान्सिस असतो. त्यांनी जयघोष केला नाही म्हणून कुणी टोमणा मारला, संघातून वगळलं, तर इथेही तोच भीतीने टेकलेला गुडघा तयार होतो.

आपली राज्यघटनाही हेच सांगते. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत लहान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, असं २८ वं कलम म्हणतं. केरळात १९८५ साली राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहिलेली, पण आपल्या श्रद्धेमुळे ते न गाणारी तीन भावंडं शाळेतून काढली गेली होती. १९८६ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं.

सीमेवर आणि परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना हे फार समजावून सांगायला नको. चार लोकांत आपली बोली, आपली रीत वेगळी पडली की पोटात कसं होतं, ते आपण जाणतो. जे आपल्या नातवाला टेक्सासात मिळावं असं वाटतं, तेच आयेशाला आपल्या गावात मिळालं पाहिजे. ही खरी साधना.

घरी मुलांशी बोलताना एवढं सांगावं :

१. नाम घेताना लाजायचं नाही आणि मिरवायचंही नाही.

२. दुसऱ्यांची प्रार्थना चालू असेल तेव्हा शांत उभं राहायचं, चेष्टा करायची नाही. सामील व्हायची सक्ती वाटली तर घरी सांगायचं. पालकांनी न भांडता शाळेशी बोलावं.

३. गळ्यात तुळशीची माळ असेल तर नियम आधी विचारून घ्यावेत. तिथल्या बऱ्याच शालेय खेळांत धार्मिक पदक टेपने चिकटवून गणवेशाच्या आत घालू देतात. माळेचं आधीच विचारलं की ऐन सामन्यात अडत नाही.

४. "मला जिंकव" असं मागू नये. समोरच्या मुलाची आईही तेच मागत असते! माउलींनी पसायदान मागितलं ते साऱ्या विश्वासाठी, एका बाजूसाठी नव्हे. "माझ्याकडून चांगलं खेळून घे, कुणाला इजा होऊ देऊ नकोस," एवढं मागणं पुरे.

या गुरुवारी आरतीनंतर मुलांना जवळ बसवून हा विषय जरूर काढा. त्यांना मैदानावर काय वाटतं ते आधी ऐका, मग आपलं सांगा. शाळेत कुणाला एकटं पडल्यासारखं वाटतं का, हेही विचारा. मग ते मूल आपलं असो की शेजारचं.

सद्गुरू सर्वांना सद्बुद्धी आणि मुलांना निर्भय मन देवोत, हीच चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏