गोट्यांची पिशवी कधी सुटली?

तुम्ही गोट्या खेळणे कधी सोडले? दिवस आठवतो का?

नाही आठवत. एके काळी त्या पिशवीपायी तुम्ही जिवलग मित्राशी चार दिवस अबोला धरला होता. रात्री ती उशाखाली ठेवून झोपत होता. कोणाचे सागरगोटे असतील, कोणाची भातुकली असेल. आणि मग कधीतरी ती पिशवी माळ्यावर गेली आणि तुम्हाला कळलेही नाही. कोणी उपदेश केला नव्हता. तुम्ही कोणते व्रतही घेतले नव्हते. तुम्ही मोठे झालात आणि मूठ आपोआप उघडली, इतकेच.

‘वैराग्य’ हा शब्द ऐकला की आपण जरा दचकतो. आता घरदार सोडायला सांगतात की काय! पण तुम्ही एकदा तरी पक्के वैरागी होऊन गेला आहात, आणि तेही दहा-बारा वर्षांचे असताना.

आता दुसरी एक गोष्ट आठवून पाहा. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही गायला उभे राहिलात, आवाज चिरकला, मुले हसली. त्या दिवसापासून तुम्ही गाणे सोडले. हा दिवस मात्र आठवतो ना? पहिल्यांदा कोण हसले, तुम्ही कोणता सदरा घातला होता, सगळे आठवते. आजही सत्संगात सगळे गात असताना तुम्ही फक्त टाळ्या वाजवता. कोणी विचारले तर हसून म्हणता, “मला त्यात काही रस नाही.”

रस नाही की राग आहे? मागे वळून पाहताना एवढे एकच तपासण्यासारखे आहे. वाढता वाढता जे सुटले ते सुटले. दुखावून जे टाकले ते अजून आपल्याजवळच असते.

यासंबंधीचे एक मराठी पत्र आहे. ते लिहिणारा आणि ज्याला ते लिहिले तो, दोघेही लहानपणी ज्या शहराशी जोडलेले होते ते आपले बेंगळुरू. 1638 मध्ये हे ठाणे विजापूरच्या सैन्याने जिंकले आणि शहाजीराजांकडे आले. जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे काही काळ राहिले आणि मग पुण्याकडे परतले. धाकटे सावत्र बंधू व्यंकोजी मात्र वडिलांजवळ राहिले, दक्षिणेतच वाढले. एक भाऊ सह्याद्रीत घडला, दुसरा दरबारी रीतीत घडला. पुढे एकाला रायगडावर राज्याभिषेक झाला, दुसरा तंजावरच्या गादीवर बसला.

1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा दोघे भेटले. वडिलांच्या मिळकतीतला वाटा हा विषय होता. आपल्याकडे कोणत्या घरात हा विषय सरळ सुटतो? इथेही सुटला नाही. व्यंकोजीराजे रात्रीतूनच निघून गेले आणि पुढे दोघांच्या फौजा एकमेकींशी लढल्या. शेवटी तह झाला. त्या तहात महाराजांनी बेंगळुरूचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. लढाई जिंकल्यावर भावजयीला चोळीबांगडी! हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही, यायला हवा होता.

पण व्यंकोजीराजांचे मन खचले होते. खाण्यापिण्याकडे, पोशाखाकडे, राज्यकारभाराकडे त्यांचे लक्ष उरले नाही. विरक्त झालो असे ते म्हणू लागले. ही बातमी महाराजांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी धाकट्या भावाला पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की हे असे उदास बसणे बरे नाही, वैराग्य उतारवयात करायचेच आहे, हे दिवस काही करून दाखवण्याचे आहेत, ते करा आणि आम्हाला कौतुक करू द्या.

पाहा, महाराजांनी वैराग्याची थट्टा केली नाही. साधुसंतांविषयी त्यांना केवढा आदर होता ते आपण जाणतो. पण भावाचे दुःख त्यांनी नेमके ओळखले. हरलेला माणूस ‘मला काही नको’ म्हणतो तेव्हा तो रुसलेला असतो. लहान मूल ताट सरकवते तसा तो रुसवा असतो, वर भगवी शाल असली तरी. आणि थोरल्या भावाने धाकट्याला ‘तू लहानपणापासून असाच’ असेही म्हटले नाही. तू अजून वाढू शकतोस, असेच ते सांगत होते. व्यंकोजीराजे तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते.

म्हणजे चाळिशीनंतरही मोठे व्हायचे शिल्लक असते. हे वाचून काहींना हायसे वाटेल!

आपण स्वतःला काय सांगत असतो? “माझा स्वभावच तापट, लहानपणापासून.” बरे, लहानपणी तुम्ही अंधाराला घाबरत होता. कारले ताटाबाहेर काढत होता. आई दोन दिवस गावाला गेली तर रडून घर डोक्यावर घेत होता. ते सगळे गेले ना? मग फक्त तापटपणालाच कायमचा मुक्काम कोणी दिला?

आणि हे सगळे बदलले तरी “ते रडणारे मूल मीच होतो” असे तुम्ही ठामपणे म्हणता. कशाच्या जोरावर? शरीर ते नाही. आवाज तो नाही. मते तर गेल्या पाच वर्षांतलीही उरली नाहीत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला पहिल्यांदा समजावतात ते हेच, की याच देहात बालपण येते, तारुण्य येते, म्हातारपण येते आणि देहात राहणारा तोच असतो. अर्जुन रणांगणावर गळून बसला आहे, आणि त्याला आधी आठवण करून दिली जाते ती त्याच्या स्वतःच्या वाढण्याची. कारण हा अनुभव प्रत्येकाजवळ असतो, त्याला पोथी लागत नाही.

बेंगळुरूत असाल तर एकदा म्हैसूर रस्त्याने केंगेरीच्या पुढे रामोहळ्ळीला जा. तिथे ‘दोड्ड आलद मर’ आहे, म्हणजे मोठा वड. सुमारे 400 वर्षांचा मानतात, म्हणजे हे दोघे भाऊ या मुलखात होते तेव्हा तोही लहानच असेल. आज तो जवळजवळ 3 एकरांवर पसरला आहे. मूळ खोड शोधायला जाल तर ते सापडणार नाही, रोग लागून ते कधीच गेले. वरून सुटलेल्या पारंब्या जमिनीत रुजल्या, जाड झाल्या आणि त्यांनीच झाड पेलले. तरी लोक त्याला एकच झाड म्हणतात. तिथे गेल्यावर फोटो काढाच, पण दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून नुसते बसाही. श्वास येऊ द्या, जाऊ द्या. सात वर्षांचे असताना जो आतून जग पाहत होता, तोच आत्ता या पारंब्यांकडे पाहतो आहे, हे जाणवते का ते पाहा. त्याला वय नाही. कोणी हसल्याची जखमही त्याला नाही.

हे थोडे जरी जाणवले तर मागचे आठवताना लाज वाटत नाही. त्या चिरक्या आवाजाच्या मुलाकडे तुम्ही आपल्या नातवाकडे पाहावे तसे पाहता. मग पुढच्या सत्संगात एक ओळ गाऊन पाहा. सूर चुकला तर चुकू द्या, शेजारचाही चुकतच असतो.

आणखी एक काम राहिले. तुमचाही एखादा भाऊ असेल, बहीण असेल, जिच्याशी घराच्या किंवा शेताच्या वाटणीवरून बोलणे थांबले आहे. तुम्ही स्वतः एवढे बदललात, पण तिचे चित्र मनात वीस वर्षांपूर्वीचेच आहे. ‘ती तशीच आहे’ असे आपण न भेटताच म्हणतो. या आठवड्यात फोन करा. वाटणीचा विषय काढू नका. हल्ली पहाटे किती वाजता उठतेस, चहात साखर घेतेस की बंद केलीस, गुडघा कसा आहे, एवढे विचारा आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका.