खबर आधी कुणाला?

साताऱ्यात एकटे राहणाऱ्या अप्पांसाठी सुहासने हृदयाची लय टिपणारं बनियन आणलं. छातीपाशी चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन धाग्याचे दोन पट्टे, शेजारी बटणासारखी अडकवायची छोटी डबी. धुण्याआधी ती काढायची. अप्पा बनियन दिवसा घालतात, रात्री काढून ठेवतात. त्यावरून बहीणभावांत झालेलं हे बोलणं.

सुहास : ताई, तू सांग त्यांना. रात्रीच तर खरी गरज.

ताई : लय बिघडली की खबर कुणाकडे जाते?

सुहास : माझ्याकडे. त्यांना कशाला घाबरवायचं?

ताई : म्हणजे काळीज त्यांचं आणि बातमी तुला!

सुहास : अगं, हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरायला लागले, तर आत गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. आधी कळलं तर औषध सुरू करता येतं. आणि ही थरथर येते-जाते, दिवसा सापडेलच असं नाही.

ताई : आणि सापडल्यासारखी वाटली तर? अ‍ॅपलच्या घड्याळाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ लाख १९ हजारांवर माणसं, त्यांत २,१६१ जणांना नाडी अनियमित असल्याचा इशारा गेला. पुढे छातीवर पट्टी लावून तपासलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांतच ती थरथर दिसली.

सुहास : पट्टी नंतर लावली होती. मधे लय सुधारली असेल. म्हणून आधीचा इशारा खोटा ठरत नाही.

ताई : हे मान्य. पण अप्पांनी कूस बदलली, पट्टा सरकला, की आलेख बिघडणार. तू रात्री दोनला फोन करणार, ते धडपडत उठणार.

सुहास : तेवढं परवडलं.

ताई : तुला परवडलं. असा सदरा १९९६ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांनी करायला घेतला, तो सैनिकांसाठी. गोळीने कापडातले प्रकाशतंतू तुटले की जखम कुठे ते कळावं म्हणून. सैनिक हुकमाचा ताबेदार असतो. अप्पा कुणाचे ताबेदार आहेत?

(माझा कल इथे ताईकडे आहे. पण सुहासचं पुढचं बोलणं मलाही टाळता येत नाही.)

सुहास : उद्या काही झालं तर? कळण्याची सोय असून मी कळून घेतलं नाही, हे मनावरचं ओझं कसं वाहू?

ताई : ओझं तुझं आहे. ते हलकं करायला बनियन त्यांनी का घालायचं?

सुहास : मुलगा म्हणून माझा काहीच हक्क नाही?

ताई : विचारण्याचा आहे. खबर आधी त्यांच्या फोनवर जाऊ दे. तुला कळवायचं की नाही, ते ठरवतील.

सुहास : आणि शुद्धीवर नसले तर?

ताई : त्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून आत्ता, शुद्धीत असतानाच विचारू. खबर आल्यावर दहा मिनिटांत तुम्ही फोनवरचं बटण दाबलं नाही, तर सुहासला कळावं का?

सुहास : नको म्हणाले तर?

ताई : तर नाही कळवायचं.

सुहास : ते मला जमणार नाही, ताई.