आधी चौक, मग पेठ

शास्त्रपाठ : मार्क १:३२-३७; प्रेषितांची कृत्ये १०:९-१६



बंगळूर शहरातील चिकपेट ही रेशमी वस्त्रांची जुनी पेठ. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले व पुढे शहाजीराजांना जहागीर मिळाले. तेव्हापासून ह्या शहरात मराठी घराणी नांदत आली आहेत. काही वर्षांपूर्वी तेथील एका ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनेसाठी गेलो असता घरच्या बंधूने मला विचारले, "पाळकसाहेब, मनन दिवसाच्या कोणत्या वेळी करावे?"

हा बंधू चिकपेटेतील साड्यांच्या एका दुकानात कामाला होता. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या, रात्री त्यांच्या पुन्हा घड्या घालायच्या, मग घर गाठायचे. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. रात्री दोनदा उठून त्यांना कूस बदलून द्यावी लागे. हे सर्व ठाऊक असताना मी त्याला तत्काळ उत्तर दिले, "पहाटे चार वाजता उठा. आपला प्रभू उठत असे." उत्तर शास्त्राला धरून होते, म्हणून मी समाधानाने परतलो.

दोन वर्षांनी पुन्हा भेट झाली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "आठ दिवस उठलो. नवव्या दिवशी बायबल मांडीवर तसेच ठेवून झोपी गेलो. मग लाज वाटू लागली, आणि त्या लाजेने बायबल फळीवर गेले ते गेलेच."

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्या मनुष्याला प्रभूजवळ नेण्याऐवजी घड्याळाजवळ नेऊन सोडले होते. मग मी मार्काचा तोच अध्याय पुन्हा उघडला.

कफर्णहूमात सूर्य मावळल्यावर सारे गाव दाराशी जमले. प्रभूने रोग्यांस बरे केले, भुते काढली. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच तो उठून अरण्यात गेला, आणि शिष्य लगेच त्याला शोधीत आले. कारण सर्व लोक त्याचा शोध करीत होते. त्या गावी, त्या दिवशी, लोकांच्या हाती न लागलेली वेळ पहाटेचीच होती. परंतु लूक ६:१२ मध्ये तोच प्रभू डोंगरावर सारी रात्र प्रार्थनेत घालवतो, आणि मत्तय १४:२३ मध्ये लोकसमुदायांना निरोप देऊन तो संध्याकाळी एकटा असतो. प्रभूचा तास एकच नव्हता; पित्याजवळ जाणे मात्र चुकत नव्हते.

भक्तांचीही तीच रीत दिसते. इसहाक संध्याकाळी शेतात मनन करण्यास जातो. स्तोत्रकर्ता रात्रीच्या प्रहरी अंथरुणावर देवाचे चिंतन करतो. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकतो. आणि पेत्र? यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी, भर दुपारी, तो गच्चीवर जातो. त्याला भूक लागली आहे, खाली स्वयंपाक चालला आहे. मननाला ह्याहून गैरसोयीची वेळ कोणती? तरी तेव्हाच त्याने आकाश उघडलेले पाहिले, आणि त्यानंतर तो कर्नेल्याच्या घरी गेला. आपण जे अन्यजातीय आज मंडळीत आहोत, त्या आपल्यासाठी दार उघडले गेले ते एका भुकेल्या दुपारी.

तर मग, कोणतीही वेळ चालेल काय? येथे सावध राहावे. "सवड मिळेल तेव्हा करीन" असे म्हणणाऱ्याला सवड कधी मिळत नाही. ह्या बाबतीत चिकपेटच आपली शिक्षिका आहे. केंपेगौडाने १५३७ साली हे नगर वसवले, तेव्हा दोड्डपेट व चिकपेट जेथे एकमेकींस छेदतात त्या जागेवरून चार नांगर चार दिशांना हाकले, आणि त्यांच्या तासांवरून मुख्य रस्ते आखले, अशी कथा सांगतात. आधी चौक ठरला, मग पेठ वसली. पेठ वसून झाल्यावर चौकासाठी जागा शोधू गेले असते तर ती मिळाली नसती. आपण मात्र सारा दिवस विकून टाकतो, आणि ठाणातून उरलेला तुकडा देवापुढे ठेवतो.

अशी वेळ निवडणारी एक माता आपल्याला ठाऊक असावी. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई यांना घरकामाच्या रगाड्यात दिवसा क्षणाची उसंत नसे. म्हणून त्या दिवस उजाडण्यापूर्वी निजलेल्या लेकीला गोड शब्दांनी जागे करीत, आणि पक्ष्यांची किलबिल चालू असताना पाठ म्हणून घेत. ही आठवण रमाबाईंच्या १८८७ सालच्या इंग्रजी ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे. ती माता ख्रिस्ती नव्हती; पण प्रिय गोष्टीसाठी वेळ सापडत नसतो, तो राखून ठेवावा लागतो, हे तिला समजले होते. त्याच लेकीने पुढे, १९०५ च्या जानेवारीत, केडगावी सुमारे ७० जणींना रोज सकाळी प्रार्थनेस जमवले, आणि जूनअखेर मुक्तिसदनात संजीवनाची लाट आली.

म्हणून आपली वेळ निवडताना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, ती वेळ खरोखर आपली असावी. आजाऱ्याच्या किंवा तान्ह्या बालकाच्या वाट्याची वेळ हिरावून घेतलेली नसावी. दुसरी, त्या वेळी आपण जागे असावे. दहा मिनिटे जागेपणी केलेले मनन तासभर पेंगण्याहून बरे. तिसरी, ती वेळ ठरलेली असावी आणि घरच्यांना ठाऊक असावी. आयुष्याचा ऋतू पालटला तर वेळही पालटावी, मनात अपराधाची भावना न बाळगता. ज्यांना पहाट साधते त्यांनी ती सोडू नये. पण जिला साधत नाही त्या भगिनीला कमी लेखू नये.

मी त्या बंधूची क्षमा मागितली, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचा दिवस तपासला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या गच्चीवर कोणी जात नसे. तेथे रिकाम्या खोक्यावर बसून तो आता डब्याआधी पंधरा मिनिटे एक उतारा वाचतो व प्रार्थना करतो. खाली बाजाराचा गलका चालूच असतो. "पेत्राच्या गच्चीवरही कातड्याचा वास येतच असेल," असे तो मला हसून म्हणाला.

वाचकहो, आपल्या दिवसाचा चौक कोठे आहे? आज रात्री निजण्यापूर्वी तो ठरवा.

प्रार्थना : हे प्रेमळ पित्या, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. दिवसाचा उरलासुरला तुकडा तुला देण्याच्या पापाची आम्हांस क्षमा कर. जे थकले आहेत व लाजेने दूर गेले आहेत, त्यांना त्यांच्या गच्चीवर भेट. येशूच्या नावाने मागतो. आमेन.