सूर्यही अनित्यच आहे



देव्हारे आपण उतरविले. परंतु ग्रहांचे भय अजून पुष्कळांच्या मनातून उतरलेले नाही. मुलीचे लग्न जमू लागले की कोणीतरी हळूच पत्रिका काढतो आणि मंगळ आडवा येतो. म्हणून आज आकाशाकडेच पाहू या.

अभिजित ताऱ्याजवळ दुर्बिणीतून धुराच्या कड्यासारखा एक तेजोमेघ दिसतो. असे काही तेजोमेघ ग्रहाच्या बिंबासारखे वाटोळे दिसतात, म्हणून विल्यम हर्शेल यांनी १७८५ साली त्यांना ‘ग्रहीय’ म्हटले. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी अशाच एका तेजोमेघाचा प्रकाश तपासला, तेव्हा तो विरळ, तप्त वायू ठरला. ग्रहाशी त्याचा काही संबंध नाही. नाव मात्र चिकटून राहिले! नाव जुने आहे म्हणून ते खरे मानू नका. तपासून पाहा.

हा वायू येतो कोठून? सूर्यासारख्या ताऱ्यातून. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होते, त्यातून आपणास ऊन मिळते. सुमारे ४६० कोटी वर्षे हे चालू आहे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातील हायड्रोजन संपेल. मग सूर्य फुगेल, तांबडा होईल, बुध-शुक्रांना बहुधा गिळील. शेवटी त्याचे बाहेरचे थर अवकाशात निघून जातील आणि उघडा पडलेला गाभा त्यांना उजळील. हाच ग्रहीय तेजोमेघ. तोही काही हजार वर्षांत विरतो. मागे उरतो सुमारे पृथ्वीएवढा श्वेत बटू. तोही हळूहळू निवत जातो.

अंगुत्तरनिकायात सात सूर्यांचे सुत्त आहे. महापृथ्वीही जळून जाईल, असे सांगून तथागतांनी त्यात संस्कारांची अनित्यता शिकविली. ते खगोलशास्त्र नव्हे. बोध मात्र तोच. जे कारणाने झाले, ते कारण सरताच सरते. मग ज्याला लोक अर्घ्य देतात तो सूर्यही जर नियमाने बांधलेला, तर मंगळाने तुमच्या लेकीचे नशीब कसे बांधावे?

यात निराशेचे कारण नाही. ताऱ्याने टाकलेल्या वायूत कार्बन असतो. त्यातून पुढे नवे तारे, नव्या पृथ्वी घडतात. आपल्या देहातील कार्बनचाही काही भाग अशाच विझलेल्या ताऱ्यांचा आहे. तारा जाताना साठवलेले वाटून जातो. माणसाने तरी साठवून काय करावे?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी पत्रिका मागितली, तर नम्रपणे नाही म्हणा. मुलामुलींचे शील, शिक्षण आणि परस्परांची संमती पाहा. आणि रात्री त्यांना अंगणात नेऊन निर्भयपणे आकाश दाखवा.

जयभीम!