बीजगणिताच्या नाक्यापलीकडे

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. पहिले इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये निघाले. प्रवेश बहुतेक सर्वांना खुला आणि शुल्क कमी, त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणारे, स्थलांतरितांची मुले, घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे येथे मोठ्या संख्येने येतात. मात्र प्रवेश मिळताच अनेक दशके त्यांच्यापुढे गणिताची एक चाचणी ठेवली गेली. तीत कमी पडणाऱ्यांना अंकगणित, प्राथमिक बीजगणित, मध्यम बीजगणित अशा उपचारात्मक वर्गांच्या साखळीत बसवले जाई. या वर्गांचे पैसे भरावे लागत, पण पदवीच्या श्रेयांकांत ते धरले जात नसत.

ही साखळी का तुटते, ते साध्या गुणाकाराने कळते. समजा, प्रत्येक वर्गात ७० टक्के उत्तीर्ण होतात आणि त्यांतील ८० टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. तीन उपचारात्मक वर्ग आणि श्रेयांकाचा चौथा वर्ग धरला, तर १००० विद्यार्थ्यांपैकी शेवटी १२३ उरतात. एकही शिक्षक कमी पडलेला नसतानाही ही गळती होते. कॅलिफोर्नियात केटी हर्न आणि मायरा स्नेल यांनी २०१० मध्ये सुरू केलेली चळवळ याच हिशेबावर उभी राहिली. त्याच वर्षी थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी अनेक महाविद्यालयांची आकडेवारी मांडली: उपचारात्मक गणिताकडे पाठवलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्केच ती साखळी पूर्ण करत होते. चाचणीही भरवशाची नव्हती. पुढे झालेल्या अभ्यासांत, शाळेतील गुण पाहिले असते तर वरच्या वर्गात सहज निभावले असते असे अनेक विद्यार्थी खाली बसवलेले आढळले.

२०१२ मध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बीजगणिताच्या सक्तीलाच आव्हान दिले. गणिताच्या अनेक प्राध्यापकांनी त्याला उत्तर दिले, की अशाने पदवी पातळ होईल. दोन्ही पक्षांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. खरे गणित म्हणजे बीजगणित. हॅकरना ते काढायचे आहे, विरोधकांना राखायचे आहे. हे गृहीतच चुकीचे आहे. परिचारिका किंवा समाजसेवक होऊ पाहणाऱ्याला नमुना कसा निवडला, फरक योगायोगाने पडला असेल का, दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते का, हे तपासता आले पाहिजे. या प्रश्नांना तर्काची शिस्त लागते आणि ती बहुपदींचे अवयव पाडण्याइतकीच कठोर आहे.

पातळपणाच्या आक्षेपाची कसोटी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत झाली. अलेक्झांड्रा लोग, मारी वातानाबे-रोझ आणि डॅनियल डग्लस यांनी २०१३ मध्ये तीन कम्युनिटी कॉलेजांतील ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी केली. या सर्वांना चाचणीने प्राथमिक बीजगणितात ढकलले होते. काहींना बीजगणित, काहींना बीजगणितासोबत साप्ताहिक कार्यशाळा, तर काहींना कार्यशाळेसह थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्र दिले. तिन्ही प्रकारचे वर्ग तेच शिक्षक घेत होते. उत्तीर्णांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३९, ४५ आणि ५६ टक्के भरले. ‘वरचा’ म्हणून नाकारलेला विषय अधिक जणांना जमला. तीन वर्षांनी पदवी मिळवणाऱ्यांतही संख्याशास्त्राचा गट बीजगणिताच्या गटापेक्षा सुमारे आठ टक्केबिंदूंनी पुढे होता. सोपा विषय देऊन यश विकत घेतले असते, तर पुढच्या अभ्यासक्रमांत ही मुले मागे पडली असती.

तरीही या प्रयोगाची मर्यादा महत्त्वाची आहे. ज्यांच्या शाखेला बीजगणित लागत नाही, असेच विद्यार्थी त्यात घेतले होते. शाखेनुसार गणिताच्या वेगवेगळ्या वाटा असाव्यात असे म्हणणाऱ्यांची जबाबदारी येथून सुरू होते. संख्याशास्त्राची वाट कलनाकडे जात नाही आणि कलनावाचून अभियांत्रिकी नाही. एकोणिसाव्या वर्षी निवडलेली वाट एकविसाव्या वर्षी बदलावीशी वाटली, तर काय? सल्लागाराने गरीब वस्तीतील, कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो मुलीला न विचारताच ‘तुला संख्याशास्त्र बरे’ असे सुचवले, तर जुन्या चाचणीचे काम आता सल्लागार करू लागेल. म्हणून वाटा वेगळ्या केल्या एवढ्याने न्याय होत नाही.

याचे उत्तर गणितज्ञ युरी ट्राइसमन यांच्या कामात सापडते. १९७० च्या दशकात बर्कली विद्यापीठात कलन शिकणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या अपयशाचा त्यांनी शोध घेतला. कच्चा पाया आणि अनास्था ही प्रचलित कारणे टिकली नाहीत. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून अभ्यास करत, कृष्णवर्णीय विद्यार्थी मात्र एकेकटे झुंजत. ट्राइसमन यांनी सोपे वर्ग काढले नाहीत; अवघड प्रश्नांवर गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल पालटला. पुढे टेक्सास विद्यापीठाच्या डेना सेंटरमधून त्यांनीच वेगवेगळ्या गणित-वाटांची मोठी योजना उभारली. तिचा गाभा हाच आहे: विषय खाली आणू नये, आधार वर न्यावा.

कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्याने शाळेतील गुणांना अग्रक्रम दिला आणि विद्यापीठात धरला जाणारा गणिताचा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला वर्षभरात पूर्ण करता यावा, हे महाविद्यालयांचे कर्तव्य ठरवले. २०२२ च्या कायद्याने विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी हाच रोख कलनापर्यंत नेला. त्यावरचा वाद रास्त आहे, कारण त्रिकोणमिती न शिकलेल्याला कलनात बसवून सोबतचा आधार-वर्ग दुबळा ठेवला, तर त्या विद्यार्थ्याची फसवणूकच होते.

एवढ्यावरून गणित-वाटांच्या आराखड्याच्या अटी ठरतात. वाट विद्यार्थ्याच्या शाखेप्रमाणे असावी, चाचणीतील गुणांप्रमाणे नव्हे. पहिल्याच सत्रात श्रेयांकाचा विषय मिळावा आणि आधार त्याच्या बरोबरीने चालावा. चार वर्षांच्या विद्यापीठांनी प्रत्येक वाट मान्य केली आहे, याची खात्री महाविद्यालयाने आधी करून घ्यावी. आणि संख्याशास्त्राकडून कलनाकडे वळू इच्छिणाऱ्यासाठी एका सत्राचा जोड-अभ्यासक्रम कायम चालू ठेवावा, पट कितीही कमी असो. ही शेवटची अट सर्वांत खर्चिक आहे आणि काटकसरीत पहिली कात्री तिलाच लागते. ती पाळणाऱ्या महाविद्यालयानेच आपल्याकडे गणिताच्या अनेक वाटा आहेत असे म्हणावे.