तोंड आधी कोणी उघडलं?

१९५१ साली न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरांकडे दोन व्यसनी माणसांची गाठ पडली. दोघंही व्यसन सुटावं म्हणून येत होते, निदान तसं दिसत होतं. पुढे औषधांच्या दुकानातही भेटी झाल्या आणि एकानं गळ घातली : उपचार लागू पडत नाहीत, फार हाल होतात, कुठून तरी माल मिळवून दे. दुसऱ्यानं, म्हणजे शर्मननं, टाळाटाळ केली. शेवटी दया येऊन त्यानं माल आणला, खर्च वाटून घेतला. गळ घालणारा सरकारी खबरी होता. त्याच्या स्वतःच्या मानेवरही अमली पदार्थांचाच खटला होता. शर्मनला दहा वर्षांची शिक्षा झाली. १९५८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली.

निकाल एकमताचा, कारणं मात्र दोन. बहुमतानं विचारलं, याच्या मनात गुन्हा आधीपासून होता का? न्या. फ्रँकफर्टर म्हणाले, पोलीस कसे वागले ते पाहा. मला फ्रँकफर्टर पटतात. मन तपासायला बसलं की जुनं रेकॉर्ड निघतं (शर्मनच्या नावावर १९४२ आणि १९४६ च्या शिक्षा होत्याच), आणि एकाच सापळ्यातून कोरा सुटतो, डागाळलेला अडकतो. म्हणजे एकदा शिक्षा भोगलेल्याला मोहात पाडायची सरकारला कायमची मुभाच. तिथली संघीय न्यायालयं अजून मनच तपासतात.

आपल्या कायद्यात ‘सरकारनंच मोहात पाडलं’ असा स्वतंत्र बचाव नाही. पण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा पाहा. नोटांना फिनॉल्फ्थेलिन पावडर लावतात आणि पंचांसमोर तक्रारदाराला बजावतात : मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नंतर साहेबांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘रंगेहाथ’. कोर्टाला तेवढ्यानं भागत नाही. लाच मागितली, किंवा कोणी आपणहून देऊ केलेली घेतली, हे सिद्ध व्हावं लागतं, असं घटनापीठानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून सापळ्याआधी रेकॉर्डर देऊन मागणीची पडताळणी करतात. साहेबांच्या मनाशी देणंघेणं नाही. सापळ्यात पाहायचं ते तोंड आधी कोणी उघडलं, एवढंच.

अमली पदार्थांत ही युक्ती चालत नाही. तिथे तक्रारदारच नसतो, गिऱ्हाईक बनून पोलिसालाच मागावं लागतं. एकदा विचारलं आणि समोरच्यानं भाव सांगितला, तर माझी काही हरकत नाही. पण शर्मनच्या प्रकरणात अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले ते नोव्हेंबरातले तीन व्यवहार. आधीच्या विनवण्या पाहायला कोणीच नव्हतं. खबऱ्यानं साक्षीत सांगितल्या म्हणून त्या कोर्टापुढे आल्या.