मुलांसह विहार : गृहस्थाची एक साधना

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार होय, असे आपल्या शास्त्रांचे सांगणे आहे. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी हे तिघेही गृहस्थाच्या अन्नावरच निर्वाह करतात. इतके असूनही, या आश्रमात राहून भगवत्प्राप्तीची इच्छा धरणाऱ्या पुष्कळ सज्जनांच्या मनात एक शंका वारंवार उठत असते. ती साधारणतः अशी : "घरात लहान मुले असली म्हणजे जप, पाठ, ध्यान यांपैकी काहीच नीट होत नाही. गीता उघडून बसावे, तो धाकटा मांडीवर येऊन बसतो. आठवड्यातून सुट्टीचा एक दिवस मिळतो, तोही मुलांना बागेत, नदीवर किंवा आजोळी नेण्यात निघून जातो. हा सारा काळ व्यर्थ जातो असे वाटते. हा मोहच नव्हे काय?"

शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचा विचार केला पाहिजे.

तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पुत्र, स्त्री, घर इत्यादींविषयी अनासक्ती सांगितली आहे, आणि त्यांच्यात गुरफटून न जाणे हेही सांगितले आहे. एवढाच भाग वाचून काही लोक असे समजतात की, मुलांकडे पाठ फिरविणे म्हणजे वैराग्य. परंतु याच लक्षणांच्या मालिकेत, त्याच्याही आधी, अहिंसा, क्षमा आणि सरळपणा यांची गणना झालेली आहे. जो पिता लेकराचे बोलावणे ऐकून कपाळाला आठ्या घालतो आणि "जपात विघ्न आणलेस" म्हणून त्याच्यावर खेकसतो, त्याच्या ठिकाणी अनासक्ती तर आली नाहीच, उलट क्षमाही गेली. माळेचे मणी फिरले, पण मन मात्र क्रोधाच्या हाती गेले.

मग अनासक्ती कशात आहे? ती ओळखण्याची जागा देवघरापेक्षा बागेतच अधिक सापडेल. बागेत एकच झोपाळा आहे, आपले मूल त्यावर बराच वेळ झुलत आहे आणि दुसऱ्या कोणाचे मूल खाली उभे राहून वाट पाहत आहे. अशा वेळी "अजून थोडे बस, ते थांबेल" असे आपल्या तोंडून निघाले, तर ती आसक्ती. "आता उतर बाळ, त्याची पाळी आहे" असे सहज निघाले, तर ती अनासक्ती. येथे मुलावरचे प्रेम तिळमात्र उणे झालेले नसते. त्या प्रेमाला 'माझे' या शब्दाने जे कुंपण घातले होते, तेवढेच मोडलेले असते. प्रेम आटविणे हे गीतेचे सांगणे नाही; प्रेमातील ममत्व जावे, एवढेच तिचे सांगणे आहे.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधाकडे पाहावे. यशोदामाता दही घुसळीत आहे, बाळकृष्ण तिच्या मांडीवर आहे, आणि चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते. माता बाळाला खाली ठेवून दुधाकडे धावते. बाळ रुसते आणि दह्याचे मडके फोडते. हा प्रसंग कोणत्या घरात घडत नाही? पुढे ती त्याला बांधावयास जाते, तेव्हा दोरी दर वेळी दोन बोटे अपुरी पडते. शेवटी आई दमली, घामाने डवरली, हे पाहून भगवंत स्वतःहून बांधून घेतात. ज्यास योगी ध्यानात धरू पाहतात, तो एका दमलेल्या मातेच्या श्रमांनी बांधला गेला. म्हणून लेकरांच्या मागे धावून थकलेल्या कोणत्याही मातेने 'माझ्या हातून साधना होत नाही' असे मानून खिन्न होऊ नये.

त्याच स्कंधात वनभोजनाचेही वर्णन आहे. गोपबालक यमुनेच्या वाळवंटात बसले आहेत. कमळाच्या मध्यभागाभोवती पाकळ्या असाव्यात तसे ते कृष्णाभोवती मांडून बसले आहेत. कोणी पानांवर, कोणी फुलांवर, कोणी झाडाच्या सालीवर, तर कोणी दगडावर आपली शिदोरी मांडली आहे. भगवंतांच्या हातात दहीभाताचा घास आहे, आणि ते सवंगड्यांसह हसत जेवत आहेत. हे पाहून ब्रह्मदेवालाही मोह पडला. आपल्याकडे कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली भोजन करण्याची जी रीत आहे, तिचे मर्म हेच नव्हे काय? मुलाबाळांसह घराबाहेर जाऊन झाडाच्या छायेत अन्न घेणे, यास आपल्या पूर्वजांनी केवळ करमणूक मानले नाही. त्यास धर्माचे स्थान दिले.

आता मर्यादेचा विचार. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की, ज्याचा आहार आणि विहार प्रमाणात आहे, त्याचाच योग दुःखहारक होतो. येथील 'विहार' या शब्दाचा अर्थ श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात पाऊल टाकणे, चालणे असा केला आहे. म्हणजे हिंडण्याफिरण्यालाही योगात स्थान आहे. ते प्रमाणात मात्र असले पाहिजे. पुष्कळ गृहस्थ वर्षातून एकदा यात्रेस निघतात आणि एका दिवसात पाच देवस्थाने उरकण्याचा संकल्प करतात. मूल उपाशी आहे, त्याचे पाय दुखत आहेत, झोपेची वेळ टळून गेली आहे. तरी त्याला ओढीत रांगेत उभे केले जाते. ते रडू लागले की मार मिळतो. अशा यात्रेतून त्या बालकाच्या मनात देवाविषयी काय उरेल? देव म्हणजे गर्दी, भूक आणि चपराक, एवढेच. त्यापेक्षा एकच स्थान निवडावे, तेथे वेळेवर जेवू घालावे, घटकाभर निजू द्यावे. लहान पावलांनी जेवढे चालवेल, तेवढीच त्या दिवसाची यात्रा समजावी.

प्रमाणाबरोबर सत्यही सांभाळले पाहिजे. रेल्वेचा नियम सर्वांस ठाऊक आहे. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलास स्वतंत्र आसन घेतले नाही तर तिकीट लागत नाही. त्यापुढे ते काढावे लागते. मूल साडेपाच वर्षांचे आहे. निघण्यापूर्वी वडील त्याला शिकवून ठेवतात, "कोणी विचारले तर चार वर्षे सांग हं." मूल तसे सांगते. तपासनीस पुढे जातो, वडील हसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाचे हात जोडून त्याला देवापुढे उभे करतात. काही रुपये वाचले खरे, परंतु त्या लहान जीवाला त्या दिवशी दोन गोष्टी कळून चुकल्या : खोटे बोलल्याने लाभ होतो, आणि देवाला ते चालते. पुढे बारा-पंधरा वर्षांनी तोच मुलगा वडिलांशी खोटे बोलू लागतो, तेव्हा वडील काळाला दोष देतात. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, श्रेष्ठ पुरुष जसे आचरण करतो, त्याचेच अनुकरण इतर लोक करतात. जगाच्या दृष्टीने आपण श्रेष्ठ असू वा नसू, पाच वर्षांच्या बालकास आईबापांहून श्रेष्ठ या जगात कोणीही नसतो.

हीच गोष्ट वचनाची. "रडू नकोस, रविवारी नदीवर नेईन" असे सांगून मुलाला गप्प करणे सोपे असते. रविवार उजाडल्यावर ते विसरणे त्याहून सोपे असते. परंतु मूल विसरत नाही. ते शनिवारी रात्री आपली चप्पल उशाशी ठेवून निजलेले असते. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : बोलणे कोणास न दुखविणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. हे तप करावयास अरण्यात जाणे नको. मुलाला दिलेला शब्द पाळणे, आणि पाळता येणार नसेल तर तो न देणे, एवढेही ज्यास साधले, त्याने त्या तपास आरंभ केला असे समजावे.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन भयाने कापू लागला. सख्यभावाने थट्टेत आपण भगवंतांना काय काय बोललो, ते त्याला आठवले, आणि तो क्षमा मागू लागला. ती मागताना त्याने जे दाखले दिले, त्यांतील पहिला असा की, पिता पुत्राचे अपराध सहन करतो त्याप्रमाणे आपण माझे सहन करावे. सज्जनहो, विचार करा! परमेश्वराची क्षमा कशी असते हे सांगण्यासाठी अर्जुनाने घरातल्या बापाची उपमा घेतली. ही उपमा ज्याला उद्या समजावयाची आहे, तो आज आपले बोट धरून चालत आहे. बाहेर गेल्यावर त्याच्या हातून पाणी सांडते, नवे कपडे चिखलाने भरतात, चार लोकांत ते हट्ट धरून बसते. त्या क्षणी आपण जसे वागतो, तसाच त्याच्या मनात 'पिता' या शब्दाचा अर्थ भरत जातो. लोक पाहत आहेत म्हणून जो त्याच्यावर हात उगारतो, तो मुलाच्या अपराधासाठी नव्हे, तर स्वतःच्या मानासाठी उगारतो. आणि अमानित्व हे तर ज्ञानाचे पहिलेच लक्षण आहे. शिस्त अवश्य लावावी. मात्र घरी आल्यावर, जवळ बसवून, शांत शब्दांनी.

मुलांना बाहेर नेऊन दाखवावे काय? यासाठी दहावा अध्याय हेच उत्तम पुस्तक आहे. भगवंत म्हणतात, तेजांत सूर्य, नक्षत्रांत चंद्र, स्थिर वस्तूंत हिमालय, जलाशयांत सागर, नद्यांत गंगा, वृक्षांत पिंपळ, पक्ष्यांत गरुड, ऋतूंत वसंत ही माझीच रूपे. पिंपळ तर गावोगावी आहे. त्याच्याखाली मुलाला उभे करावे. वारा जवळजवळ नसतानाही पाने सळसळतात ती का, हे त्याला विचारू द्यावे; पानाचा लांब देठ त्याच्या बोटांत देऊन हलवून दाखवावा. पक्षी त्याची बारीक फळे खातात, त्यांच्या विष्ठेतून बी पडते आणि भिंतीच्या फटीतही रोप उगवते, ते शोधावयास सांगावे. शेवटी एवढेच म्हणावे, "गीतेत देवाने सांगितले आहे की झाडांत मी हा आहे." अधिक व्याख्यान नको. गीता ही देखील अर्जुनाच्या प्रश्नांतूनच वाढत गेली. मुलाच्या प्रश्नांनी कंटाळून जाऊ नये.

जवळपास एखादे पुण्यस्थान असेल तर त्याचाही असाच उपयोग करावा. इंदूरकडील कुटुंबांस सुमारे ९० किलोमीटरवर नर्मदातीरी महेश्वर आहे. इ. स. १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य करणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे हे वसतिस्थान. पती, पुत्र, सारे डोळ्यांदेखत गेले असता या मातेने प्रजेलाच आपली लेकरे मानले, आणि काशीच्या विश्वनाथाचे आजचे मंदिर बांधविले. त्या घाटाच्या पायरीवर बसून मुलांना ही कथा सांगितली, तर ती शाळेच्या पुस्तकापेक्षा खोल उतरते. तेथे मुलाचा हात घट्ट धरावा; आणि निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसह नदीत भिरकावणे हे तिच्या पूजेत बसत नाही, हे त्याला आपल्या कृतीने दाखवावे.

घरातील लहान आचरणाने केवढे फळ येते, याचे उदाहरण आचार्य विनोबा भावे यांच्या बालपणात आहे. त्यांचा जन्म १८९५ मध्ये कोकणातील गागोदे येथे झाला. तुळशीला पाणी घातले की नाही हे विचारल्यावाचून आई त्यांना जेवू घालीत नसे. परसातला फणस पिकला की गरे आधी शेजारच्या घरोघर पोहोचवावयाचे, मग घरच्या मुलांनी खावयाचे, असा तिचा दंडक होता. आजोबा गणपतीची मूर्ती घडवीत, त्यासाठी चंदन उगाळण्याचे काम मुलांकडे असे. या मातेला संस्कृत गीता समजत नसे. तिला समजेल अशी गीता असावी या तिच्या इच्छेतून, तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९३०-३१ मध्ये 'गीताई' लिहिली गेली. १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात झालेली त्यांची गीतेवरील प्रवचने आज देशभर वाचली जातात. त्या माउलीने मुलाला कोणतेही ग्रंथ पढविले नव्हते. गऱ्यांनी भरलेले द्रोण हाती देऊन शेजारी पाठविले होते.

यास्तव गृहस्थांनी पुढील काही गोष्टी आचरणात आणून पाहाव्या :

१. आठवड्यातून एक वेळ मुलांसाठी नेमून ठेवावी, आणि जपाची वेळ जशी चुकवीत नाही तशी तीही चुकवू नये.

२. तेवढा वेळ भ्रमणध्वनी दूर ठेवावा. छायाचित्र एखादेच घ्यावे. मूल डोळ्यांनी पाहावयाचे आहे.

३. बाहेर निघण्याच्या दिवशी शिदोरीसाठी पहाटे घरातील स्त्रीनेच एकटीने राबावे, हे योग्य नव्हे. पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी कामे वाटून घ्यावी.

४. भगवंतांनी स्वतःला जगाचा पिता, माता आणि पितामहही म्हटले आहे. घरातील वृद्धांस शक्य असेल तर बरोबर घ्यावे. शक्य नसेल तर परत आल्यावर मुलांनी प्रथम त्यांच्याजवळ बसून सारे सांगावे.

५. वाटेत फुगे विकणारे मूल भेटले, तर ते आपल्याच मुलाच्या वयाचे आहे हे ध्यानात ठेवावे. घ्यावयाचे नसेल तरी त्याला झिडकारू नये. समदर्शनाचा पहिला पाठ मूल तेथेच घेत असते.

६. रात्री निजण्यापूर्वी दिवसभरात जे चांगले मिळाले ते मुलांकडून आठवून घ्यावे, आणि ते भगवंतांस अर्पण करावे. पान, फूल, फळ, पाणी यांनी जो संतुष्ट होतो, त्याला नदीकाठी सापडलेला गुळगुळीत गोटाही आवडेल.

मुले फार दिवस लहान राहत नाहीत. आज आपले बोट धरणारा हात काही वर्षांनी आपोआप सुटतो, आणि तो सुटावा हेच योग्य. त्या वेळी त्या हातास दुसऱ्या एका हाताची ओळख झालेली असावी, जो कधीच सुटत नाही. ती ओळख करून देण्यासाठीच भगवंताने ही लेकरे काही काळ आपल्या घरी ठेवावयास दिली आहेत. ही ठेव सांभाळण्याची बुद्धी आणि धैर्य त्याने आपणा सर्वांस द्यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.